मराठीचा बिल्ला कोणी लावेना

अन्याय झाला तो सुमनताईंवर. गेल्या फेब्रुवारीत, सोमवारच्या फॅमिली डेला जोडून आलेल्या लाँग वीकेंडच्या आदल्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणाला, टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या एका वृद्धनिवासाच्या दुसऱ्या मजल्यावर. त्या मराठीत काही सांगत होत्या. ते कळणारं माणूस त्याच मजल्यावर कामाला होतं. तरी त्यांचं म्हणणं मंगळवारपर्यंत कोणाला समजलं नाही.

पहिल्याच ओळीत कोणावर आणि कधी ते लिहायचं, ही सवय मला वसईत लागली. आमच्या पट्ट्यातल्या विहिरी उपसून पाणी शहराला विकणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटत मी मोठी झाले. आत्या म्हणायची, "रोझलिन, लोक पत्रक चालता चालता वाचतात. 'आजच्या धकाधकीच्या युगात' असं सुरू केलंस, तर त्यात भजी बांधून येतील." दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'कामातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गंमत आहे. फक्त ती कोणाची, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या आईलाही ते अजून कळलेलं नाही. एटोबिकोतल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये मी कंत्राटावर आहे. मी मराठी शिकवत नाही, बालवर्ग घेत नाही, ढोल वाजवत नाही. ज्यांना मराठी येते त्यांनी ती बँकेत, दवाखान्यात, ग्रोसरीत रोज वापरावी, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. हे ऐकून लोक विचारतात, "हा काय जॉब आहे का?" आणि हेच लोक मराठी बुडाली म्हणून दर वर्षी हॉल बुक करतात.

कल्पना आमची नाही. माझा वरिष्ठ गॅरेथ हा वेल्सचा. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला डोंगराळ मुलूख. त्यांची वेल्श भाषा इंग्रजीसारखी अजिबात नाही, आणि शाळेत ती बोललेल्या पोरांना एके काळी शिक्षा व्हायची. आता तिथे दुकानात, दवाखान्यात वेल्श येणारी माणसं छातीवर नारिंगी बिल्ला लावतात. बिल्ला दिसला की समोरच्याने बिनधास्त वेल्शमध्ये सुरुवात करायची. गॅरेथच्या म्हणण्याप्रमाणे सगळा खेळ पहिल्या वाक्याचा असतो. दोन माणसं ज्या भाषेत सुरू होतात, त्याच भाषेत जन्मभर राहतात. आणि दुसरा नियम असा, की आजारी माणसाला आपली भाषा मागायला लावायची नाही, ती आपण होऊन पुढे करायची. गॅरेथची आई शेवटी इंग्रजी विसरली होती. तो यावर जास्त बोलत नाही.

पहिल्या वाक्याचं त्याचं म्हणणं मला पटलं ते किपलिंग अव्हेन्यूवरच्या एका ग्रोसरीत. काउंटरवरचे शिंदेकाका आणि मागे माल लावणारा प्रमोद, दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी हिंदीत बोलत होते. "भाई, वो आटे का बोरा उधर रखना." एकदा काकांचा फोन वाजला, ते घरच्यांशी मराठीत बोलले, आणि प्रमोद शेल्फवरून वळून बघायला लागला. मी तिथेच होते. म्हटलं, चला, आजचा दिवस सार्थकी लागला. पुढच्या आठवड्यात गेले तर, "भाई, वो आटे का बोरा..."

"काका, आता तरी?"

"अगं, प्रयत्न केला," काका म्हणाले. "पण मराठीत त्याला अरे म्हणू का अहो म्हणू, तेच ठरेना. हिंदीत भाई म्हटलं की सुटलो."

तर बिल्ला करायचं ठरलं. गॅरेथने भाबडेपणाने नारिंगीच रंग धरला. ओकव्हिलच्या एका काकांना नमुना दाखवला, तर त्यांनी तो कपाळाला लावला. "वा! भगवा!" मी म्हटलं, "काका, हा वेल्सचा आहे." ते म्हणाले, "आता आपला." तोच नमुना मी टोरोंटोतल्या एका बौद्ध कुटुंबाला दाखवला. त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, आणि बिल्ला हळूच माझ्याच पर्सवर ठेवला. निळा करावा म्हटलं तर काका रुसले. हिरवा म्हटल्यावर कोण कोण रुसलं ते सांगत नाही. शेवटी पांढरा केला. त्यावर एका वहिनींनी विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?" गॅरेथला हे समजावून सांगायला मला पूर्ण लंच ब्रेक लागला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे रंगांनाही बोलता येतं."

बिल्ले कोणी लावले नाहीत. माणसं गोड बोलून घ्यायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायची. माझं निदान तयार होतं: लाज. मराठी माणसाला भाषेची लाज वाटते. या निदानावर मी एक सणसणीत पत्रकही लिहिलं.

आता सुमनताई.

त्या साताऱ्याकडच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर मुलाकडे आल्या, नातवंडं वाढवली, ओंटारियोचं इंग्रजी झकास शिकल्या. लायब्ररीत गप्पा मारायच्या, बसड्रायव्हरला हवामान सांगायच्या. मग स्ट्रोक आला. डावा हात गेला आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठी राहिली. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, नंतर शिकलेलं आधी जातं, लहानपणी शिकलेलं मागे राहतं. मुलगा अविनाश बँकेत आयटीला आहे, डाउनटाउनच्या कॉन्डोत राहतो, दर रविवारी आईकडे येतो. त्या लाँग वीकेंडला मात्र तो मुलांना घेऊन स्कीइंगला गेला होता, आणि तिथे त्याचा फोन लागत नव्हता.

मंगळवारी त्या निवासातून सेंटरला फोन आला: मराठी बोलणारं कोणी आहे का? आजी शुक्रवारपासून जेवत नाहीत, ताट ढकलतात, चमचा धरणाऱ्याचा हात झिडकारतात. समज कमी होत चाललीय, त्यांना वरच्या बंद मजल्यावर हलवावं लागेल. वरच्या मजल्याच्या दाराला कोड असतो आणि जेवण सगळं मिक्सरमधून काढलेलं असतं. तिथे गेलेलं माणूस खाली येत नाही.

मी बर्फातून बस बदलत गेले. सुमनताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, "नमस्कार आजी, मी रोझलिन. काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गात पहिल्यांदाच कोणी गृहपाठ करून आलंय. मग तोंडातून कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही माझी नाही गं. केव्हाची सांगतेय. काढली की परत बसवतात. दुसऱ्या कोणाची तरी घातलीय माझ्या तोंडात."

एवढंच. धुताना कवळ्या ठेवायच्या कपांची अदलाबदल झाली होती. त्यांची कवळी शेजारच्या खोलीतल्या पोलिश आजींच्या कपात सापडली; त्या आजी कवळी लावायचीच सोडून बोळक्या तोंडाने मजेत राहत होत्या, म्हणून तिकडून तक्रार आली नाही. सुमनताईंच्या हिरड्या सोलवटल्या होत्या. समज शाबूत होती. वरच्या मजल्याचं तात्पुरतं टळलं. "तात्पुरतं" हा शब्द मॅनेजरबाईंचा. बोलणारं कोणी नसेल, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होईल, असं त्यांनी सांगितलं, आणि खोटं सांगितलं नाही.

मी जाता जाता मजल्यावरच्या सगळ्यांना विचारलं, कोणाला मराठी येते का? रेखा नावाची एक पीएसडब्ल्यू होती. पीएसडब्ल्यू म्हणजे म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी, भरवणारी, उठवून बसवणारी मदतनीस. सगळं निवास त्यांच्याच खांद्यांवर चालतं. ती चादर बदलता बदलता म्हणाली, "नो. ओन्ली हिंदी."

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मी बिल्ल्यांचं टेबल लावलं होतं. निळी उपरणी, पोरांचे फेटे, बाहेर पार्किंगमध्ये अजून बर्फाचे ढीग. स्टेजवर एक बाई बोलायला उभी राहिली, आणि काय बोलली! नागपूरकडची ठसठशीत मराठी, एक वाक्य इकडचं तिकडे नाही, हॉलमधली पोरंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकायला लागली. मी टाळ्या वाजवत मान उंच करून बघितलं. ओन्ली हिंदी.

भाषण संपल्यावर मी तिला चहाच्या रांगेतच गाठलं आणि तुटून पडले. म्हटलं, एवढी भाषा तोंडात ठेवून म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवलंत? लाज वाटते का मराठीची? माझं पत्रक तर मला पाठच होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? चहा घ्या आता. आणि मले सांगा, पहिल्या दिवशी काय झालं ते विचारलं काय तुम्ही कोणाला?"

"काय झालं?"

"त्या आल्या तेव्हा रडत होत्या. मीच गेली. म्हटलं, आजी, मी मराठीच हो. त्यांनी माझा हात असा धरला, सोडेनात. म्हणाल्या, देव पावला. मग विचारलं, आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं."

"मग?"

"मग गाव विचारलं. मग म्हणाल्या, 'म्हणजे त्यातली का?' आणि हात काढून घेतला. एकदम नाही हो, हळूच. शिकलेल्या आहेत ना. दुसऱ्या दिवशी मी पाणी घेऊन गेली, तर तोंड मिटून बसल्या. मार्शाला इशारा केला, तू दे."

मार्शा म्हणजे तिची जमैकन, कृष्णवर्णीय सहकारी.

"म्हणजे इंग्रजी गेलं होतं, पण..."

"इशारा येत होता," रेखा म्हणाली. "डॉक्टर म्हणले ना, लहानपणी शिकलेलं राहते. राहिलं."

मी चहा खाली ठेवला. नागपूरला नर्सिंग शिकलेली ही बाई. इथले कागद जुळेपर्यंत पीएसडब्ल्यूचं काम करते. शुक्रवारी सुमनताई मार्शाला जे ओरडून सांगत होत्या, ते तिने दारातून ऐकलं होतं. तिने जाऊन नर्सला सांगितलं, कवळी तपासा. नर्सने विचारलं, "कशावरून? तुला तिची भाषा कळते?"

"मी नो म्हटलं," रेखा म्हणाली. "हो म्हटलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला मलेच तिच्यासमोर उभं केलं असतं. नर्स म्हणाली, बरं, डेंटिस्टकडे बघू सुट्टीनंतर. मी जाताना मार्शाला सांगितलं, हिला चावायचं काही देऊ नको, सूप दे, कोमट दे. म्हणून तग धरला त्यांनी. आता म्हणा मले काय म्हणायचं ते."

 

तेव्हा या लेखाची पहिली ओळ अपुरी आहे. सुमनताईंवर अन्याय झाला, ते खरंच. पण त्याच्या आधी, त्याच खोलीत, रेखावर झाला. आणि तो मराठी न बोलल्यामुळे झाला नव्हता. मराठी बोलल्यामुळे झाला होता.

सोमवारी मी गॅरेथला हे सांगितलं. म्हटलं, तुमच्याकडे वेल्श बोलल्यावर पुढे काय विचारतात? तो हसला. "आमच्याकडेही विचारतात की. कुठल्या गावचा, कोणाचा नातू, बाप कुठल्या खाणीत होता."

"आणि मग?"

"मग चहा मिळतो."

"आमच्याकडे त्यावरून ठरायचं," मी म्हटलं, "चहा कुठल्या कपातून द्यायचा."

 त्याने टेबलावरची बिल्ल्यांची पिशवी उचलून कपाटात ठेवली.

मीही माझं पत्रक कपाटात टाकलं. लोकांना लाज वाटते हे निदान किती सोयीचं होतं! लाजेवर व्याख्यानं ठेवता येतात. आणि मला हे सुचू नये? आम्हा वसईच्या ख्रिश्चनांना तर मंडळाच्या हळदीकुंकवात दर वेळी ऐकावं लागतं: "अय्या, तुम्ही मराठी? आणि नाव रोझलिन? पण बोलता किती छान हो!" मी म्हणते, "तुमचंही बरं आहे." त्या हसतात. पिढ्यानपिढ्या वसईत केळी-भाजी पिकवून, प्रार्थनाही मराठीत म्हणून, आम्ही अजून पाहुणेच. माणसं या प्रश्नाला चौकशी म्हणतात. असेल. पोलीसही चौकशीच करतात.

पुढच्या रविवारी मी निवासात गेले. अविनाश आला होता, आईसाठी मऊ खिचडी घेऊन. मी सरळ विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी रेखाचा हात का सोडलात?"

"रोझलिन," अविनाश घाईघाईने म्हणाला, "आईचं वय बघ ना. लेट इट गो."

"वय बघितलं. हिरड्या पण बघितल्या."

सुमनताई खिचडीकडे बघत म्हणाल्या, "आडनाव विचारलं तर काय झालं? आपल्या माणसाची विचारपूस नको करायला? चाळीस पोरांच्या वर्गात मी कधी कोणाला वेगळं बसवलं नाही."

"वर्गात नाही बसवलंत. पाणी कोणाच्या हातचं प्यायलात?"

 अविनाशने डबा बंद केला, परत उघडला. मला वाटलं, आता हाकलतील. पण सुमनताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी त्या मुलीने माझे केस विंचरले, तेव्हा ओढले नाहीत. मार्शा ओढते." मग माझ्याकडे न बघता, "येईल का गं ती बोलायला? दिवसभर कोणी बोलत नाही. पुढच्या वेळी नेतील मला वर."

मी हा निरोप जसाच्या तसा रेखाला पोचवला. 'आजी सुधारल्या' वगैरे जोडलं नाही. ती म्हणाली, "येईन. पण भलं करायला म्हणून नाही. बोलायला येईन. आणि पाणी माझ्या हातचं, मार्शाच्या समोर."

तसंच झालं. मी दारात उभी होते. रेखाने पेला पुढे धरला. "आजी, पाणी." सुमनताईंनी पेल्याकडे पाहिलं, मार्शाकडे पाहिलं. मार्शाने कंबरेवर हात ठेवले होते. तिला गोष्ट कोणी सांगितली नव्हती, पण तिला ती कळत होती, तिच्या लोकांनी असे पेले पाहिलेत. सुमनताईंनी उजवा हात उचलला, पेल्याला लावला, आणि प्यायल्या. तहान होती, भीती होती की पश्चात्ताप, मला ठाऊक नाही. रेखाने विचारलं नाही.

"थंड आहे काय?"

"बरं आहे."

"अजून देऊ? मले सांगाल मग, कवळी टोचली तर."

मुख्याध्यापिका जागी झाली. "मले नव्हे गं, मला."

"आजी," रेखा पेला पुसत म्हणाली, "कवळी तुमची आहे, जीभ माझी आहे."

सुमनताई हसल्या. पहिल्यांदाच त्यांचे सगळे दात दिसले, स्वतःचे.

आता त्या दोघी रोज बोलतात. भांडतातही: चिवड्यात सुकं खोबरं असावं की नसावं, आणि साताऱ्याची थंडी ही थंडी म्हणायची का. वरच्या मजल्याचा विषय निघालेला नाही. हे प्रेम आहे असं लिहून दिवाळी गोड करण्याचा माझा विचार नाही. सुमनताई आतून बदलल्या का, हे रेखाला माहीत नाही, मलाही नाही, आणि कदाचित सुमनताईंनाही नाही. पण आता काही दुखलं तर ते त्याच दिवशी कळतं.

रेखाने बिल्ला मात्र लावला नाही. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "त्या एकट्या आजीचं पाणी झालं. बिल्ला लावला की गावभरच्या लोकांचं आडनाव-गाव सुरू. रोज एक परीक्षा. मी कायले देऊ?" आमच्या वार्षिक अहवालात किती बिल्ले लागले तेवढंच मोजतात, त्या हिशेबाने माझं हे प्रकरण फसलं. कंत्राट वाढेल की नाही, बघू.

तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला मराठीची काळजी आहे. मग बिल्ला नको, वर्गणी नको, हॉलमध्ये येऊन उसासे नकोत. एकच करा. ग्रोसरीच्या रांगेत, गो ट्रेनमध्ये, दवाखान्यात कोणी तुमच्याशी मराठीत बोललं, तर त्याला नाव विचारा, जेवलात का विचारा, घसरडं आहे, जपून जा म्हणा. आडनाव विचारू नका. आडून आडून गाव, मूळ गाव, कुलदैवत विचारून तेच काढू नका. प्रश्न जिभेवर येईल, कारण तो लहानपणी शिकवलेला आहे. गिळा. आज गिळा, उद्या गिळा, समोरचं माणूस बोलतंय तोवर गिळत राहा.